नानासोंना न सांगता

कऱ्हाडजवळच्या मलकापुरात हायवेच्या कडेला जयराजचं पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. माणूस मनमिळाऊ. गिऱ्हाइकाला कधी तोडून बोलणार नाही. एखादी वस्तू दुकानात नसली तरी 'नाही' म्हणायचं त्याच्या जिवावर येतं. 'उद्या येतीय' म्हणून सांगतो आणि उद्या आला की पुन्हा उद्यावर ढकलतो. त्याची बायको संयोगिता त्याला एकदा म्हणाली होती, "तुम्ही समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलत नाही. आपल्याला त्याचं उतरलेलं तोंड बघवत नाही म्हणून बोलता." जयराज हसला होता. तेव्हा ते त्याला फारसं लागलं नव्हतं.

चाळिशी उलटल्यावर त्याची साखर वाढली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो सायकल चालवायला लागला. कृष्णाकाठच्या रस्त्यावर सकाळी त्याला नानासो भेटायचे. नानासो साखर कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन तीनेक वर्षं झालेली. त्यांचं मूळ गाव कवठे महांकाळ तालुक्यातलं. घराणं मेंढरांमागं फिरणारं, आता तिथं थोडी शेतीही होती. मलकापुरात त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. पँटच्या पायाला दोरी बांधून ते सायकल मारायचे आणि दर दोन मैलांवर कुणी ना कुणी त्यांना हाक मारून थांबवायचं.

पुढं या दोघांत आणखी दोघं आली. विश्वजीत कऱ्हाडला दातांचा दवाखाना चालवायचा, तिशीतला, गिअरच्या सायकलीवर हजारो रुपये घालणारा. अंकिता बँकेत होती आणि चढावर विश्वजीतलाही मागं टाकायची. चौघांचा फोनवर एक ग्रुप झाला, 'रविवारचे सायकलवाले'.

लांबच्या सफरीची कल्पना नानासोंची. दिवाळी झाल्यावर एका रविवारी चहाच्या टपरीवर त्यांनी ती काढली.

"कवठे महांकाळातनं निघायचं," ते म्हणाले, "आन महाबळेश्वरला जाऊन टेकायचं. तासगाव, कऱ्हाड, पाटण. मग सडावाघापूरचं पठार चढून तारळ्यात उतरायचं. साताऱ्यावरनं कास, बामणोली. तिथनं लाँचमधी सायकली घालून तापोळ्याला. आन शेवटाला तापोळ्याचा घाट."

"कवठे महांकाळातनं कशाला?" विश्वजीतनं विचारलं. "तिकडं बघायला काय आहे?"

नानासोंनी बशीतला चहा संपवला. "मी ल्हान असताना आमी मेंढरं घिऊन नदीकाठाला यायचो. ऊस तुटला की रानं मोकळी व्हायची, तिथं बसायची मेंढरं. तिथनं पश्चिमेला निळी रांग दिसायची डोंगराची. मी बाला इचारलं, तिकडं काय हाय? तर म्हणाला, तिकडं पाऊस राहतोय. आमच्याकडं चार थेंबासाठी आभाळाकडं बघत बसायचं, आन ह्यो म्हणतोय पावसाचं घर हाय तिकडं. तवापासनं डोक्यात हाय. आमच्या दारातनं निघायचं आन पावसाच्या दारात जायाचं, सायकलीवर."

अंकिता म्हणाली, "जायचंच नाना." जयराजही म्हणाला, "जायचंच." आणि त्या घडीला तो मनापासून म्हणाला होता.

नानासो तयारीला लागले. रोज ग्रुपवर त्यांचा एखादा निरोप असायचा. पाटणला ओळखीचा कारखान्यातला सोबती निघाला, त्याच्या घरी मुक्काम. तारळ्यात सायकल दुरुस्त करणारा एक आहे. लाँचवाले सायकली घेतात, पण रविवारी गर्दी असते, म्हणून मधल्या वारी जावं. तापोळ्याच्या अलीकडच्या एका वाडीत शालूबाई म्हणून आहेत, त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायला घालतात, पडवीत झोपायची सोय करतात. तो नंबर त्यांनी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'माऊली लय चांगली हाय. सायकली आत ठिवायला जागा हाय.'

डिसेंबरात सराव म्हणून चौघं सडावाघापूरच्या पठारावर गेले. विश्वजीत आणि अंकिता वर पोहोचले, जयराज धापा टाकत त्यांच्यामागून पोहोचला आणि मग तिघं नानासोंची वाट बघत बसले. ऊन वर आलं. पवनचक्क्यांची पाती फिरत होती. नानासो आले ते सायकल हातात धरून, चालत, सोबत गवताचा भारा घेतलेल्या एका बाईशी बोलत. वर आल्यावर त्यांनी तिघांना तिची ओळख करून दिली.

परतताना नानासो मागं राहिल्यावर विश्वजीत जयराजला म्हणाला, "दादा, असं झालं तर चार दिवसांची सफर आठ दिवसांची होईल. मला दवाखाना किती दिवस बंद ठेवता येणार?"

त्याचंही खोटं नव्हतं. दोन दिवसांनी त्यानं तिघांचाच एक ग्रुप केला आणि सफर आपण तिघांनीच करू, असं लिहिलं. अंकितानं लिहिलं, 'नानांना सांगून करूया. ते समजून घेतील.' विश्वजीतनं लिहिलं, 'दादा, तुम्ही सांगा. तुमचं त्यांचं जुनं आहे.' जयराजनं अंगठा टाकला.

आणि तो खरंच सांगायला गेला. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून नानासोंच्या घरी गेला. नानासोंच्या पत्नी बनाबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी उठून चहा टाकला. नानासो नुकतेच आंघोळ करून बसले होते. आदल्या दिवशी ते एसटीनं आणि लाँचनं शालूबाईंच्या वाडीला जाऊन आले होते.

"फोनवर कसं कळतंय?" ते म्हणाले. "मी म्हटलं, डोळ्यानं बघून यावं. पडवी चांगली हाय. पाणी तापवून देती म्हणाली. तिच्याकडं भात आन नाचणी, ज्वारी लय आवडती पर मिळत न्हाई. म्हणून गावाकडचं शाळूचं पोतं घिऊन गेलतो. अंकिताला येगळी खोली हाय, त्येबी बघितलं. पोरीच्या जातीचं बघाय नगं का?"

बनाबाई आतून म्हणाल्या, "ह्यांचं पाय दुखत्यात रात्रभर. तरी उड्या मारत्यात."

"नाना," जयराज म्हणाला, "ते सफरीचं..." नानासोंनी त्याच्याकडं बघितलं. साठीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आनंद जयराजनं क्वचितच बघितला होता. "सफर जरा पुढं ढकलावी लागतीय. विश्वजीतला सवड नाही. शिवरात्र झाल्यावर बघू."

नानासोंचा चेहरा थोडा उतरला, मग लगेच सावरला. "असू दे की. माझं पायबी तवर तयार हुतील." बनाबाईंनी शेंगांची चटणी आणि भाकरी पुढं ठेवली. जयराजनं खाल्ली. घरी येताना त्यानं तिघांच्या ग्रुपवर लिहिलं, 'सांगितलं नानांना. काही हरकत नाही म्हणाले.'

त्या दिवसापासून त्याला जुना ग्रुप उघडवेना. नानासोंचे निरोप येतच होते. आज इतका चढ चढलो, आज मधे उतरलो नाही. अंकिता कधी हात जोडलेलं चित्र टाकायची, तिला वाटायचं, नाना किती मोठ्या मनाचे, येणार नाहीत तरी सराव चालू ठेवून आपल्याला हुरूप देतायत. जयराजला ते वाचताना कानशिलं तापल्यासारखी व्हायची. दिवसातून चार वेळा त्याला वाटायचं, आज जाऊन खरं सांगून टाकू. आणि दर वेळी कुणीतरी गिऱ्हाईक यायचं.

जानेवारीच्या शेवटी नानासो शाळूच्या काढणीला गावी जाणार होते. तारीख ठरवताना जयराजनं नेमका तोच आठवडा सुचवला. तिघं पहाटे मलकापुरातूनच निघाले. कवठे महांकाळ विश्वजीतनं कधीच वगळलं होतं.

सफर छान चालली होती, आणि तेच जयराजला खुपत होतं. पाटणच्या पुढं पठारावर थंड वारा, तारळ्यात उतरताना उसाचे ट्रॅक्टर, कासच्या रस्त्याला गर्द सावली. एकेका वळणावर त्याला नानासोंचा एखादा निरोप आठवायचा. मुक्कामाचं सगळं विश्वजीतनं फोनवरून ठरवलं होतं. पाटणला त्यानं नानासोंच्या सोबत्याकडं न जाता लॉज घेतला तेव्हा जयराजला हायसं वाटलं. बामणोलीला लाँचमध्ये सायकली चढवताना त्यानं विचारलं, "आज कुठं राहायचं?"

"शालूबाईंकडं," विश्वजीत म्हणाला. "नानांनी नंबर दिलेला ना. मी परवा फोन केला, मलकापूरचे सायकलवाले म्हटल्यावर लगेच या म्हणाल्या."

लाँच सुटली होती. पाणी शांत होतं. जयराज कठड्याला धरून उभा राहिला. तिथं नको, असं म्हणायला त्याच्याकडं कारणच नव्हतं. नानासोंची हरकत नाही, हे त्यानंच सांगितलं होतं.

वाडीत पोहोचले तेव्हा ऊन डोंगराआड चाललं होतं. शालूबाई अंगणाच्या टोकाला येऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, एका कानानं कमी ऐकू येणाऱ्या. त्यांनी तिघांना बघितलं आणि मग त्यांच्या मागचा रस्ता बघितला.

"भाऊ मागं हायत का?"

"कोण भाऊ?" विश्वजीतनं विचारलं.

"नानासो भाऊ. मी चौघांचं टाकलंय." पडवीत चार अंथरुणं घातलेली दिसत होती. चुलीजवळ भाकरीची परात होती. "ज्वारीची भाकरी केलीया. त्यांनीच आणलेला शाळू. म्हटलं, त्यांनीच खायाला पायजे, म्हणून आजवर काढला न्हाई."

अंकिता आणि विश्वजीतनं जयराजकडं बघितलं. खरं तर अजून वेळ गेली नव्हती. एका वाक्याचं काम होतं. जयराज म्हणाला, "त्यांना ताप आलाय मावशी. म्हणून आले नाहीत."

"आगं बाई. आन मला कुणी सांगितलं न्हाई." त्या पदराला हात पुसत घरात गेल्या आणि फोन घेऊन बाहेर आल्या. वाडीत फोन फक्त गोठ्याच्या बाजूला उभं राहिलं की लागायचा. त्यांना ऐकू कमी येत असल्यानं त्या फोनचा आवाज मोठा करूनच बोलायच्या, पलीकडचं बोलणं सगळ्या अंगणाला ऐकू जायचं. जयराज म्हणाला, "राहू द्या मावशी, झोपले असतील." त्यांना ते ऐकू गेलं नाही.

"भाऊ, मी शालूबाई. आवं, ताप कसा हाय?"

"कसला ताप?" पलीकडून नानासोंचा आवाज आला. मागं बैलांच्या घंटा वाजत होत्या, कुणीतरी कणसं मोडायला हाका मारत होतं.

"तुमची माणसं आलीत की माझ्याकडं. त्यातलं एक दादा सांगाय लागल्यात, तुमाला ताप आलाय म्हणून सायकलीवर आला न्हाईसा."

शालूबाईंनी फोन कानापासून काढून बघितला, तुटला की काय म्हणून. जयराज गोठ्याच्या खांबाजवळ उभा होता. त्याला वाटलं, नानासोंनी आता शिव्या द्याव्यात. सगळ्यांदेखत द्याव्यात.

"व्हय," नानासो म्हणाले. आवाज सावकाश होता. "जरा कणकण हुती. आता बरा हाय. तारीख पुढची... असू दे. पोरं दमली असत्याल, त्यांना जेवाय घाला. आन सांगा, घाटाला सकाळी लवकर लागा म्हणावं. उन्हाचं जड जातंय."

"भाकरी कुणी खायाची मग?"

"त्यांनीच खायाची की. मी काय, कवाबी यीन." आणि फोन बंद झाला.

शालूबाई चुलीकडं गेल्या. अंगणात तिघंच उरले. अंकिता हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं."

जयराजनं मान हलवली.

"आणि काय सांगितलं होतं?"

"सफर पुढं ढकलली म्हणून."

विश्वजीत पायरीवर बसला. त्यानं हेल्मेट काढून बाजूला ठेवलं. "मला ते नको होते, हे खरं आहे," तो म्हणाला. "मी ते तोंडावर बोललो असतो दादा. वाईट दिसलो असतो, पण बोललो असतो. मला वाटलं, तुमचं जुनं आहे, तुम्ही नीट सांगाल." मग म्हणाला, "मीच जायला पाहिजे होतं. तुमच्यावर ढकललं."

शालूबाईंनी हाका मारल्या. पानं वाढलेली होती. पांढरीशुभ्र ज्वारीची भाकरी, कुळथाचं पिठलं, तलावातला मासा. जयराजनं एक घास तोडला आणि तो तोंडात फिरत राहिला. "आवडली न्हाई व्हय?" शालूबाईंनी विचारलं. "आवडली," तो म्हणाला आणि सगळी भाकरी खाल्ली. पान टाकून उठलो तर त्या माऊलीलाही काहीतरी सांगावं लागेल, याची त्याला भीती वाटत होती.

सकाळी तो म्हणाला, "मी परत जातो. तुम्ही घाट करा."

"परत जाऊन काय होणार?" अंकिता म्हणाली. "नाना तिथं गावाकडं आहेत. तुम्ही परत गेलात तर तुम्हालाच बरं वाटेल."

ते खरं होतं. तो घाट चढला. महाबळेश्वरात स्ट्रॉबेरीच्या मळ्याजवळ विश्वजीतनं फोटो काढला, पण तो कुणी कुठं टाकला नाही.

पुढचे पंधराएक दिवस जयराज नानासोंच्या घराकडं फिरकला नाही. ते गावाहून आलेत, हे त्याला ठाऊक होतं. एकदा ते बाजारात समोरून येताना दिसले तर तो स्वतःच्या नकळत एका भांड्यांच्या दुकानात शिरला आणि नको असलेली कढई घेऊन घरी आला. संयोगितानं कढई बघितली, त्याच्याकडं बघितलं. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मग जा की." तो गेला नाही. रविवारी सायकल बाहेर काढायचंही त्यानं बंद केलं.

शेवटी नानासोच दुकानात आले. त्यांना बागेतल्या नळीला एक जोड हवा होता. जयराजनं तो काढून दिला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"नाना," तो म्हणाला, "माझं चुकलं."

नानासोंनी जोड उजेडात धरून बघितला. "मी हळू हाय, हे मला ठावं हाय रं. तुमच्या जिवाला घोर लागतोय, हेबी ठावं हाय. सांगितलं असतंस तर आलोच नसतो. वाईट वाटलं असतं दोन दिवस." ते थांबले. "पर तू घरात बसलास. बनानं वाढलेली भाकरी खाल्लीस. ती खाता खाता खोटं बोललास. तिला म्या सांगितलं नसतं, पर शालूबाईचा फोन आला तवा ती शेजारीच हुती."

जयराज काउंटरच्या लाकडाकडं बघत राहिला.

"तुम्ही मला खोटं का नाही पाडलं नाना? तिथं, फोनवर?"

"त्या बाईनं चुलीवर भाकरी टाकलीवती," नानासो म्हणाले. "तिला काय करायचं तुमचं आमचं? तिच्या दारात तमाशा कशाला." त्यांनी जोड खिशात घातला, पैसे ठेवले आणि गेले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि जयराजला विचारायचा धीर झाला नाही.

शिवरात्र झाल्यावर एका सकाळी जयराज दुकानाचं शटर वर करत होता. रस्त्याच्या कडेनं नानासो येताना दिसले. सायकलीला मागं दोन पिशव्या बांधलेल्या, डोक्याला टॉवेल. ते दोन दिवसांपूर्वी कवठे महांकाळच्या आपल्या घरातून निघाले होते. पुढं बनाबाई एसटीनं जात होत्या. त्या मुक्कामाच्या गावी आधी पोहोचणार, नानासो संध्याकाळी पोहोचणार, असं दोघांनी ठरवलं होतं. कितीही दिवस लागू देत.

जयराजनं शटर खाली ओढलं, दुकानामागं ठेवलेली सायकल काढली. चाकात हवा कमी होती, तशीच घेऊन तो त्यांना गाठायला गेला.

"नाना, येऊ का?"

नानासो पेडल मारतच म्हणाले, "पाटणपतुर ये. म्होरं आमी दोघंच जातो."

जयराज त्यांच्या मागून चालला. नानासो खरोखर हळू चालवत होते. चढ आला की उतरायचे, चालायचे, पुन्हा बसायचे. वाटेत तीन ठिकाणी थांबले, दोन ठिकाणी चहा झाला, एका रसवंतीवाल्याच्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं. जयराजला कुठंच घाई झाली नाही. फार बोलणंही झालं नाही. एकदा नानासोंनी मागं न बघता सांगितलं, "चाकात हवा भर, टायर कापंल," आणि पंप काढून दिला.

पाटणच्या एसटी स्टँडवर बनाबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी जयराजला बघितलं आणि तोंड फिरवलं. जयराज त्यांच्यापुढं उभा राहिला. "काकी, मी तुमच्या घरी खोटं बोललो," तो म्हणाला. आजूबाजूला माणसं होती, एक-दोघं बघायला लागली. त्यानं आवाज बारीक केला नाही. "लाज वाटतीय मला."

बनाबाईंनी पिशवीतून डबा काढला. एक भाकरी नानासोंना दिली, एक स्वतः घेतली. थोड्या वेळानं अर्धी मोडून जयराजच्या बाजूला धरली, त्याच्याकडं न बघता. "लाज वाटाय पायजेच," त्या म्हणाल्या. एवढंच बोलल्या.

नानासो महाबळेश्वरला पोहोचले. किती दिवसांनी, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तापोळ्याचा अर्धा घाट ते चालतच गेले, असं शालूबाईंनी अंकिताला फोनवर सांगितलं. वर पोहोचल्यावर पाऊस वगैरे काही नव्हता, कोरडं ऊन होतं, आणि बनाबाईंनी स्ट्रॉबेरी आंबट आहे म्हणून नावं ठेवली.

आता रविवारी अंकिता नानासोंबरोबर जाते. विश्वजीत कधी येतो, पुढं निघून जातो, वळून परत येतो. जयराजलाही हाक असते. तो जातो, मागं राहतो. दुकानात एखादी वस्तू नसली तर 'नाही' म्हणायचा प्रयत्न करतो. अजून ते त्याला अवघडच जातं, म्हणताना मान खाली जाते. बनाबाई त्याच्याशी अजून मोजकंच बोलतात.